मुठीच्या मापाची गिटार

चादर बाजूला झाली तेव्हा मी गिटारीकडे बघितलंच नाही. माझा डावा हात जॅकेटच्या खिशात होता आणि तो बाहेर यायला तयार नव्हता. पाच महिने ज्या दिवसाची वाट बघितली तो आला, आणि मी उरवड्यात नरहरी मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहुणीसारखी उभी.

"बघ की," नरहरीकाका म्हणाले. "का मीच वाजवू? मला तर भजनात टाळबी धरता येत न्हाई."

"तिला भ्या वाटतंय," आमचा आप्पा, म्हणजे माझा बाप, म्हणाला. तो दारातच उकिडवा बसला होता. "गिटारीचं न्हाई, हाताचं."

आप्पाला काही सांगावं लागत नाही आणि त्याला काही लपवून बोलताही येत नाही. ताम्हिणीच्या रस्त्याला आमची धनगरांची वस्ती. शेरडं राखणारा माणूस तो, दुखरं जनावर कळपात कुठं आहे ते लांबून ओळखतो.

माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं एक पेर आणि करंगळीजवळच्या बोटाची दीड पेरं इथल्याच एका कंपनीत राहिली. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. आमच्या मशीनचं एक बटण सुपरवायझरनं लाकडाची पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलं होतं. माल लवकर निघतो. सगळ्या लाईनला माहीत होतं, मालकाला माहीत होतं. तपासणीच्या साहेबालाही माहीत असणार, कारण तो यायचा त्या सकाळी बरोबर सगळ्या पाचरी निघायच्या. चौकशीच्या कागदावर लिहिलं, कामगाराचं दुर्लक्ष. मी सही केली नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

त्याआधी मी पाच वर्षं गिटार वाजवत होते. शिकवायला कोण होतं? वस्तीच्या वरच्या अंगाला एका दगडावर मोबाईलला रेंज येते, तिथं बसून व्हिडिओ बघून शिकले. मग पिरंगुटच्या दिग्विजयनं त्याच्या ऑर्केस्ट्रात घेतलं. हळदी, जत्रा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा स्टेज. "धनगराची पोरगी आन् गिटार," असं म्हणून लोक पहिल्या गाण्याला फोन काढायचे, तिसऱ्या गाण्याला फोन खिशात घालून नाचायचे. मला ते तिसरं गाणं आवडायचं.

हात गेल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्यातल्या एका दुकानात माझा हात बघून दुकानदारानं आवाज खाली आणला, मयताला आल्यासारखा. "उकुलेले घ्या ना मॅडम. चार तारा. छंद म्हणून छान आहे." छंद! इंटरनेटवरचे शहाणे म्हणाले, उलटी गिटार घे, उजव्या हातानं तारा दाब, डाव्यानं छेड. चार महिने केलं तेही. उजवा हात ढिम्म. पाच वर्षांचं सगळं शिकणं डाव्या बोटांत होतं, ते काही पिशवीतून काढून दुसऱ्या पिशवीत भरता येत नाही.

शेवटी माझ्याच लाईनवर काम करणारी रंभाबाई मला तिच्या घरी घेऊन गेली. नरहरीकाका तिचा नवरा. स्टीलच्या ओतकामाच्या फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, काढायचा, आणि राहिलेल्या खळग्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. पुढं कंपनीनं नमुने कॉम्प्युटरवर करायला घेतले आणि काकांना घरी बसवलं. हात गप्प बसेनात म्हणून त्यांनी भागातल्या पोरांना दोन गिटारी करून दिल्या होत्या. वाजवता एकही येत नाही. ड्रॉइंग मिळालं की करायची, एवढंच.

त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला. हळहळले नाहीत, ते बरं केलं.

"हात कशाला बदलतीस?" म्हणाले. "हात हाय तो हाय. दांडा बदलू."

मग माझ्या मुठीत चिकणमातीचा गोळा दिला आणि आवळायला सांगितलं. चार वेळा. दोनदा सकाळी, दोनदा संध्याकाळी, कारण संध्याकाळी हात सुजतो हे त्यांनी न विचारता ओळखलं. ते गोळे वाळवून त्यांनी फळीवर मांडून ठेवले. त्यांच्यावरून गिटारीची मान तासायची होती.

आणि आता ती समोर टेबलावर होती. दिग्विजयनं आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. पुढल्या महिन्यात माण गावात एका जमीनवाल्याची मोठी हळद होती. मी हो म्हटलं तर मी, नाहीतर पुण्याचा एक पोरगा. आणि तो एकदा आला की सीझनभर राहणार, हे दिग्विजयनं सांगायची गरज नव्हती. मग मला परत कुणी बोलावणार नव्हतं. दयेनं कोरसला उभं केलं असतं, हातात खुळखुळा देऊन.

मी हात खिशातून काढला आणि गिटार उचलली.

पहिली गोष्ट, वजन. जड होती, पण पट्टा खांद्यावर गेला तशी ती अंगावर बसली. काकांनी ती जुन्या सागाची केली होती. फाउंड्रीनं नमुने जळणाच्या भावानं विकून टाकले तेव्हा त्यांनी सात-आठ घरी आणून ठेवले होते, त्यांतल्याच पंपाच्या नमुन्यांचं लाकूड जोडून हे अंग झालं होतं. एका कडेला नमुन्याचा मूळ तांबडा रंग तसाच सोडलेला. चकचकीत पॉलिश नाही, नुसतं तेल. नाक जवळ नेलं तर सागाचा वास, आणि त्याच्या खाली जरासा काजळीचा.

मग मान मुठीत घेतली. कुणीतरी आपला हात धरावा तशी ती होती. नेहमीपेक्षा अरुंद, तारा एकमेकींच्या जवळ. मागचा फुगा एका बाजूला झुकलेला, त्यामुळं मनगट आपोआप वळत होतं आणि माझी आखूड बोटंही तारेपर्यंत पोचत होती. मधलं बोट पोचलं. त्याच्या शेजारचं थोटकंसुद्धा पोचलं.

"पडदे उंच ठिवलेत," काका म्हणाले. पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या तारपट्ट्या. त्यांच्यामागं बोट ठेवलं की सूर ठरतो. "म्हंजी जोर लागणार न्हाई. नुसतं टेकवायचं. पर दाबलंस तर सूर वर चढंल, गिटारीच्या पुस्तकात लिवलंय. एवढं ध्यान ठेव."

फोनवर ट्यूनरचं ॲप लावून मी सहाही तारा मिळवल्या. मोकळ्या तारांवरून पिक ओढला. छोट्याशा ॲम्पमधून जो आवाज आला त्यानं पत्रा थरथरला. भरलेला, जाड, शेवटपर्यंत टिकणारा आवाज. आप्पानं दारातून मान वर केली. काकांच्या चेहऱ्यावर असं हसू, की जणू नात झाली.

पहिल्या दोन-तीन पडद्यांवर मी साधे कॉर्ड धरले. थोडं कच्चं लागलं, पण लागलं. मग मी वर सरकले. पाचवा पडदा. सातवा. आणि तिथून पुढं सगळं नासायला लागलं. सूर चढत होते. थोडे सातव्यावर, जास्त नवव्यावर, बाराव्यावर तर दात आंबावेत असे. मी हात सैल केला. तरी चढलेले. आणखी सैल केला, इतका की तार भुर्रभुर्र करायला लागली. तरीही ॲपचा काटा उजवीकडंच.

दाबलंस तर सूर वर चढंल.

थोटक्या बोटाला कळत नाही ते किती दाबतंय. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की टोकाची जाणीव पूर्ण येणार नाही. गिटार चांगली होती. पाच महिने एका माणसानं मातीच्या गोळ्यांवरून रंधा मारून ती केली होती. माझा हात गेलेला होता, आणि तो त्या प्रेसखालीच गेला होता. मीच मधले महिने ते मान्य केलं नव्हतं.

"कशी हाय?" काकांनी विचारलं.

"लई भारी झालीय काका," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

गिटार टेबलावर ठेवून मी बाहेर आले आणि शेडच्या मागं जाऊन दिग्विजयला फोन लावला.

"त्या पुण्याच्या पोराला सांग," म्हणाले.

"नक्की?" तो म्हणाला. "बघ, घाई नको करू."

"तूच मुदत घातलीस आणि आता घाई नको म्हणतोस? सांग त्याला."

फोन बंद केला. मागं वळले तर आप्पा उभा.

"चांगली झालीय म्हनलीस आन् हितं यिऊन न्हाई म्हनलीस. यातलं खरं कंचं?"

"गिटार चांगली आहे. माझा हात गेलाय. दाबतेय मी, सूर चढतायत. कळतच नाही मला किती दाबतेय ते."

"आसं." त्यानं तंबाखूची डबी काढली, उघडली आणि तशीच बंद केली. "आगं, कुऱ्हाड चालंना तर मानूस ती दुसऱ्याच्या हातात दिऊन बगतो. तू एकदम हातच टाकून दिलास. तो कंपनीवाला म्हनला तुजी चूक, तर सही केली न्हाईस त्याच्या कागदावर. आन् हितं कुनी काय म्हनलं न्हाई, तरी आपल्या मनानं सही करून मोकळी."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

"मग कुणाच्या हातात देऊ? इथं कुणाला वाजवता येतंय?"

"वाजवायचं कुटं हाय? नुसतं बोट टेकवायचं हाय ना? माजी धा बोटं हायेत."

आत आलो. काका स्टुलावर बसून गिटारीवरचा न दिसणारा भुसा फडक्यानं पुसत होते. मी आप्पाला बाकड्यावर बसवलं, गिटार त्याच्या मांडीवर दिली. त्यानं ती आजारी करडू धरावं तशी धरली. त्याचं पहिलं बोट मी बाराव्या पडद्यामागं ठेवलं.

"हलकं. एकदम हलकं. माशी बसल्यासारखं."

"माशी एवढी जाड नसती," काका म्हणाले.

मी तार छेडली. काटा उजवीकडं गेला. मघाशी माझ्या बोटानं गेला होता तिथंच.

आप्पाला आणखी हलकं करायला सांगितलं. तिथंच. दुसरी तार. तिथंच. मग काकांचं बोट. तिथंच.

गिटार मी परत माझ्याकडं घेतली. गिटारीत एक गंमत असते. तार बरोबर मध्यावर नुसती शिवायची, दाबायची नाही, आणि छेडल्याबरोबर बोट उचलायचं. घंटेसारखा बारीक सूर येतो. त्यात दाबणं नाही, त्यामुळं हाताला दोष द्यायला जागाच नाही. आणि तारेचा मध्य म्हणजे बरोबर बारावा पडदा. कुठल्याही गिटारीवर.

मी बाराव्यावर शिवले. ठप्प. सूर नाही. बोट थोडं मागं सरकवलं. ठप्प. आणखी थोडं. टिंग!

तारेचा मध्य पडद्याच्या पाव इंच अलीकडं होता.

"काका," मी म्हणाले, आणि मला हसूच फुटलं. वाईट दिसत होतं ते, पण आवरेना. "काका, गिटार चुकलीय! हात नाही. गिटार चुकलीय!"

त्यांचं हसू गेलं. त्यांनी भिंतीवरचा टेप काढला. मानेच्या टोकाला तारा जिथं टेकतात तिथून बाराव्या पडद्यापर्यंत मोजलं. परत मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

"तीनशे चोवीस पायजे," ते पुटपुटले. "साडेतीनशे... न्हाई, तीनशे साडेतीस. आसं कसं? आर्धा मिलीमीटर न्हाई चुकत माजा. साडेसहा?"

मग ते एकदम थांबले. खाली वाकून लाकडी पेटी ओढली, तिच्यातून स्टीलची एक जुनी पट्टी काढली आणि टेपशेजारी ठेवली. पट्टीवरचे तीनशे टेपच्या तीनशे सहावर येत होते.

"आरं द्येवा," असं म्हणून नरहरीकाका बाकड्यावर बसले.

पोलाद गरम असतं तेव्हा फुगलेलं असतं, निवलं की आकसतं. म्हणून लाकडाचा नमुना शंभराला दोन मोठा करायचा. दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, आधीच वाढवलेली. तिच्यावर शंभर वाचायचे आणि लाकडावर एकशे दोन पडायचे. तीस वर्षं काकांनी त्याच पट्टीनं काम केलं होतं.

"आदीच्या दोन गिटारींना हा टेप वापरला," ते म्हणाले. मान वर करत नव्हते. "तुजं काम बारीक, म्हनून म्हनलं टेप नको. माजी चांगली पट्टी काढू. हात आपसूक हिच्यावर गेला. लाज वाटती मला."

"आणि घोडी?" मी विचारलं. घोडी म्हणजे तारा खालच्या बाजूला जिच्यावर अडकतात तो भाग.

"घोडी टेपनं. पट्टी सहाशेचीच हाय, तितपातुर पुरत न्हाई." त्यांनी मान वर केली. मला दिसलं, डोळ्यांत हिशोब सुरू झाला होता. "म्हंजी पडदे सगळे एका मापात हायेत. सारख्या मापानं वाढलेत. चुकलीय ती घोडी. तेरा मिलीमीटर मागं घेटली तर..."

"तर सगळं बरोबर."

"मग बसलाय कशाला मिस्त्री, नव्या सुनंवानी?" आप्पा म्हणाला. "घ्या की मागं."

रंभाबाई चहा घेऊन आली तोवर तारा निघाल्या होत्या. काय झालं ते ऐकून ती नवऱ्याला म्हणाली, "फाउंड्रीनं घरी बसवलं तरी तुमचं मोजमाप तितंच कामाला जातंय." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेपनं चार वेळा मोजलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, पाचव्यांदा मला मोजायला लावलं. मग छोट्या ड्रिलनं नवीन भोकं पाडली, घोडी मागं सरकवून स्क्रू आवळले. जुन्या चार भोकांतली दोन उघडी पडली. तारा चढल्या. मी त्या मिळवल्या. रंभाबाई ट्रे हातात धरून तशीच उभी.

बारावा पडदा. माझं मधलं बोट, एक पेर नसलेलं. टेकवलं, छेडलं.

काटा मध्ये येऊन उभा राहिला. हलला नाही.

सातवा. बरोबर. नववा. बरोबर. थोटक्या बोटानं, ज्याला आपण काय करतो ते कळत नाही म्हणून मी मघाशी मातीत घातलं होतं, त्यानं. बरोबर. त्याला सगळं कळत होतं.

मी एक जुनी चाल वाजवायला घेतली आणि चौथ्या सुराला चुकले. बोट भलत्याच पडद्यावर गेलं. परत चुकले. हात हळू होता, गंजलेला होता, महिनाभर घासावा लागणार होता. ह्या चुका माझ्याच होत्या. त्यांचं मला काही वाटलं नाही. मी रडत होते, पण मला त्याचीही लाज वाटली नाही.

"रडायला काय झालं आता?" काका घाबरून म्हणाले. "परत चुकली का?"

"न्हाई ओ," आप्पा म्हणाला. "सुटली ती."

मी दिग्विजयला फोन लावला.

"सांगितलंस त्या पोराला?"

"लागला नाही त्याचा फोन. का गं?"

"नको सांगू. म्हणजे सांग, पण अर्धंच. बारा गाण्यांतली सहा मी वाजवणार. उरलेल्या सहांत पळत्या जागा आहेत, त्या महिन्याभरात नाही जमायच्या मला. खोटं कशाला बोलू? तेवढ्याला त्याला बोलव. दोघांना दोन खुर्च्या ठेव."

"दीड तासापूर्वी तर तू संपल्यासारखी बोलत होतीस."

"दीड तासापूर्वी घोडी चुकली होती."

"कसली घोडी?"

"सोड ते. जमतंय का सांग."

"जमतंय गं. फक्त हात तेवढा... म्हणजे मोठ्या लोकांची हळद आहे, बायका-पोरं असतात. जरा बाजूला तोंड करून बसलीस तर..."

"समोर बसणार. पहिल्या रांगेला बोटं मोजता येतील अशी. चालत असेल तर हो म्हण."

मला वाटलं, ठेवतो आता फोन. पण तो हसला. "बरं बाई. समोर बस. सहा गाणी. कुठली ते उद्या ठरवू."

फोन खाली ठेवला तर काका हात पुढं करून उभे. "दे हिकडं. दोन दिवस राहू दे माज्यापाशी. जुनी भोकं बुजवतो, तेल मारतो, मग ने. आसली भोकाची वस्तू म्या आजवर कुनाला दिली न्हाई."

"नाही देणार," मी म्हणाले, आणि गिटार आणखी जवळ ओढली.

"आगं मग निदान येखादं गानं तरी वाजव. मगाधरनं एकच सूर काय काढतीस?"

खरं होतं त्यांचं. मी बाराव्या पडद्यावरचा तोच एक सूर वाजवत बसले होते. वीसेक वेळा झाला असेल. दर वेळी काटा मध्ये येत होता.

"वाजवते काका," मी म्हणाले. "थांबा जरा." आणि परत एकदा तोच छेडला.